म्हैसमाळावर न उगवलेली वाटी

देवळे सरांनी मला फसवलं. त्याच्या आधी मी त्यांना फसवलं होतं, पण ते त्यांना अजून माहीत नाही. हा दिवाळी अंक हातात पडला की कळेल. दोन्ही फसवणुका एकाच चिठ्ठीवर आहेत. ती चिठ्ठी तळहातापेक्षा लहान आहे आणि आमच्या शहरातल्या एका कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या विभागात, लाकडी कपाटातल्या एका पाकिटाला चिकटवलेली आहे. माझं वय बाहत्तर. गुडघा गेला आहे. एका जागी बसवत नाही. एवढं लिहिताना दोनदा उठून गॅलरीत जाऊन आलो.

माझा धंदा काय, हे औरंगपुऱ्यातल्या शेजारच्या दुकानदारांनाही कधी धड कळलं नाही. एका बाजूला साड्या, दुसऱ्या बाजूला चष्मे आणि मधे जिना चढून माझी खोली. तिथं कपाटभर काचेच्या बरण्या, बरण्यांत शेवाळं, नेचे, बुरश्या. लोकांना वाटायचं, वैद्य आहे. एकदा एक गृहस्थ मूळव्याधीवर काही द्या म्हणून अडूनच बसले. मी म्हणालो, "यातलं घेतलं तर मूळव्याध जाईल, पण तुमच्यासकट जाईल." तरी ते दुसऱ्या दिवशी पुन्हा आले.

मी कॉलेजांना नमुने पुरवायचो. बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिक परीक्षेत टेबलावर ओळीनं बरण्या मांडतात. पोरांनी प्रत्येक बरणीपुढं दोन मिनिटं थांबायचं, आत काय आहे ते ओळखून लिहायचं, घंटी वाजली की पुढं सरकायचं. त्या बरण्या कॉलेजात उगवत नाहीत. कुणीतरी डोंगरात जाऊन, चिखलात गुडघे टेकून ते गोळा करावं लागतं. मराठवाड्यात तो कुणीतरी मी होतो.

शिक्षण सातवी. कन्नड तालुक्यातल्या खेड्यातून आलो आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचा धुवायला लागलो. इंग्रजी अक्षरं बरण्यांवरच्या चिठ्ठ्यांवरून शिकलो. त्यामुळं मला इंग्रजीत 'मांजर' लिहिता येण्याच्या आधी शेवाळांची लॅटिन नावं लिहिता येत होती. पाच वर्षांनी एका प्राध्यापकानं भर वर्गात बरणी फोडल्याचा आळ माझ्यावर घेतला. ती मी फोडली नव्हती. मग दुसरी खरोखर फोडली आणि निघून आलो. माझा स्वभाव असा आहे. त्याचे तोटे मी मोजत बसत नाही.

आता वाटीचं सांगतो, कारण सगळं भांडण वाटीवर आहे.

बुरशी म्हटलं की लोकांना छत्री आठवते. पण बुरश्यांची एक जात छत्रीसारखी नसून वाटीसारखी असते. ओल्या मातीवर, शेणावर, कुजलेल्या लाकडावर पणतीएवढ्या, कधी मसुरीच्या दाण्याएवढ्या वाट्या येतात. तपकिरी, शेंदरी, पिवळ्या. वाटीच्या आतल्या अंगाला सूक्ष्म नळ्या उभ्या असतात, मखमलीच्या लवीसारख्या दाट. प्रत्येक नळीत आठ बीजाणू, शेंगेत वाटाणे असावेत तसे. पिकलेल्या वाटीवर हलकी फुंकर मारली, की सगळ्या नळ्या एकदम फुटतात आणि वाटीतून धूर निघतो. कान जवळ नेला तर बारीक सुस्कारा ऐकू येतो. मी ते शेकडो वेळा ऐकलं आहे, आणि प्रत्येक वेळी मागं वळून पाहिलं आहे की कुणी आहे का.

अभ्यासक्रमात यातली एकच वाटी असते, पेझिझा. सगळ्या कॉलेजांना पेझिझाच हवी. आणि इथं माझी पहिली कबुली. टिकवायला फॉर्मॅलिनमध्ये टाकली की कुठलीही वाटी आठवड्यात चहाच्या चोथ्याच्या रंगाची होते. शेंदरी, पिवळी, केसाळ, बिनकेसाची, सगळ्या एकसारख्या. मग मी सगळ्यांवर पेझिझा लिहायचो. वाट्या कमी पडल्या तर लाकडावर कानाच्या पाळीसारखी बुरशी येते, तिचे बारके तुकडेही त्या बरण्यांत गेले आहेत. जालन्याकडचे एक प्राध्यापक एकदा बरणी परत घेऊन आले.

"ही पेझिझा नाही."

"मग काय आहे, सर?"

"ते मला सांगता येणार नाही."

"मग पेझिझाच राहू द्या. पोरांना तेच पाठ आहे."

ते बरणी घेऊन परत गेले. तेव्हा मी लई खूश झालो होतो. घासाघिशीत मला हरवणारा माणूस मराठवाड्यात नव्हता. आज वाटतं, त्या गृहस्थांनी खरं ओळखलं होतं आणि मी त्यांचं तोंड बंद केलं.

दुसरी कबुली जागेची. चिठ्ठीवर तीन ओळी असतात: काय आहे, कुठं सापडलं, कुणी गोळा केलं. आमच्या धंद्यात खरी जागा कुणी सांगत नाही. सांगितली की पुढच्या पावसाळ्यात दुसरा पुरवठादार पोत्यानं माल उचलतो. ओळ रिकामी ठेवता येत नाही, म्हणून मी सगळीकडं 'म्हैसमाळ' लिहायचो. कॉलेजच्या सहली तिथंच जातात, कुणाला शंका येत नाही. माझ्या चिठ्ठ्या खऱ्या मानल्या तर म्हैसमाळ हा जगातला सगळ्यात श्रीमंत डोंगर ठरेल. चिठ्ठ्या लिहायचा माझा भागीदार रफीकभाई. त्याचे वडील निजामाच्या काळात दफ्तरात नक्कलनवीस होते, अक्षर घराण्यातच. तो लेखणी झटकत म्हणायचा, "काशिनाथभाई, म्हैसमाल पे अब घास उगने को जगा नई बची."

माझी खरी जागा होती भालदरा. माझ्या गावाच्या मागं डोंगराची एक अरुंद घळ आहे, तिला गावातले लोक भालदरा म्हणतात. भाद्रपदातही तिथं दुपारी दोननंतर ऊन नसतं. लाकूड पडतं ते तिथंच कुजतं. मी तिथं पंचवीस वर्षं एकट्यानं गेलो. एकट्यानं म्हणजे, सुंदराबाई असायची.

सुंदराबाई शेळ्या चारायची. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी. मी ओणवा होऊन पानं उलटायचो तेव्हा ती दगडावर बसून मला हसायची. वाट्यांना ती पणत्या म्हणायची. कुठं आल्या, कधी आल्या, हे मला नेहमी तिच्याकडून कळायचं. मी येताना चहापत्ती आणायचो. आमचा व्यवहार तेवढाच.

आणीबाणी उठली त्या सुमाराचा भाद्रपद. तिनं वरूनच हाक मारली.

"काशिनाथभाऊ, औंदा जांभळ्या पणत्या आल्यात."

"जांभळ्या नसतात, बाई."

"मंग माझे डोळे गेले असतील. चला, दावते."

घळीतल्या ओढ्याच्या वरच्या अंगाला एक आडवं पडलेलं खोड होतं. त्याच्या पोटाखाली, जिथं हात घालायलाही माणूस घाबरेल, तिथं अकरा वाट्या होत्या. आतून पिकल्या जांभळासारख्या, बाहेरून करड्या. एक मोडली. पांढरं पाणी आलं. मी बघत राहिलो. थोड्या वेळात ते पाणी पिवळं झालं, हळद लागल्यासारखं.

"अशी पिवळी होती का कधी आधी?" मी विचारलं.

"म्या कशाला मोडाया जाऊ? तुमीच मोडता," ती म्हणाली.

माल हातात आला की मी डोक्यात भाव ठरवतो. त्या दिवशी नाही ठरवला. बरणी पिशवीत होती, फॉर्मॅलिन होतं, पण टाकलं नाही. ओल्या शेवाळात वाट्या ठेवून डबा मांडीवर धरला आणि एस.टी.नं आलो. शेजारच्या माणसानं दोनदा विचारलं, पेढे आहेत का.

ताज्या वाटीची ओळख पटवायची रीत साधी आहे, फक्त धीर लागतो, आणि माझ्याकडं तो नाही. ताजा रंग लिहून ठेवायचा. कशावर उगवली ते लिहायचं. काठावर केस आहेत का, मोडल्यावर पाणी येतं का, त्याचा रंग बदलतो का. मग तुकडा गाजराच्या फटीत धरून वस्तऱ्यानं पातळ काप काढायचे. हे रफीकभाईचं काम. कापावर आयोडीनचा थेंब. जुन्या बाजारातून घेतलेल्या पितळी सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. पेझिझाच्या कुळातली असेल तर नळ्यांची टोकं निळी होतात.

रफीकभाई भिंगाला डोळा लावून बसला होता. मी मागं येरझाऱ्या घालत होतो.

"बैठो ना. जमीन हिलती."

"निळं झालं का?"

"नीला है. मगर दाने पे जाली है, काशिनाथभाई. ऐसा दाना मैं नई देखा."

बीजाणूंवर जाळी होती, मच्छरदाणीसारखी. आमच्याकडच्या दोन पुस्तकांत तशी जाळी नव्हती. म्हणून मी देवळे सरांकडं गेलो.

देवळे सर त्या विभागात बुरश्यांचे जाणकार. मी काचा धुवायचो त्या कॉलेजातले नव्हेत, दुसऱ्या. ते मला अरे-तुरे करायचे, मी अहो-जाहो. पण माणूस हुशार, हे मी आजही म्हणेन. तीन दिवस त्यांनी पुस्तकं काढली, चित्रं काढली, मापं घेतली. तिसऱ्या दिवशी चष्मा काढून म्हणाले, "काशिनाथ, हे कुठल्याच पुस्तकात नाही."

इतकी वर्षं मी नाव नसलेल्या गोष्टींना खोटं नाव देऊन विकत होतो. आता एक गोष्ट अशी हातात होती, की तिला खरंच नाव नव्हतं.

सरांनी चिठ्ठी पुढं घेतली. "जागा?"

"म्हैसमाळ," मी म्हणालो. विचार केला नाही. जीभच तशी वळलेली.

"म्हैसमाळावर कुठं?"

"देवळामागच्या उतारावर."

त्यांनी लिहून घेतलं. तिसरी ओळ, कुणी गोळा केलं, तिथं माझं नाव घातलं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. काशिनाथ हे नाव इंग्रजीत, त्यांच्या अक्षरात.

परत येऊन रफीकभाईला सांगितलं. त्यानं लेखणी खाली ठेवली. "बरनी पे झूठ लिखे तो लिखे. ये बेचने का माल नई है. इसपे झूठ नको लिखाओ. जाके बोल देव."

उद्या जातो म्हणालो. गेलो नाही. भालदरा एकदा कागदावर गेला की गेला, असं वाटायचं.

दोन वर्षांनी परभणीकडचा एक गिऱ्हाईक प्राध्यापक माल घ्यायला आला आणि म्हणाला, "तुमच्या देवळे सरांनी म्हैसमाळला नवीन पेझिझा शोधली, वाचलं का?" त्याच्या पिशवीत तो छापील लेख होता. मी अक्षर अक्षर लावत वाचला. जागा: म्हैसमाळ, देवळामागचा उतार. गोळा करणारे: देवळे. ओळख पटवणारे: देवळे. माझं नाव आभारातसुद्धा नव्हतं.

मी तसाच गेलो. सर प्रयोगशाळेत होते. चार विद्यार्थी होते, त्यांच्यासमोरच बोललो.

"सर, वाटी मी आणली."

"तू एक आणलीस. मग मी स्वतः गेलो. पुढच्याच आठवड्यात. देवळामागून ताजा नमुना मी काढला. कपाटात आहे तो माझा."

म्हैसमाळावर ती वाटी नव्हती. कधीच नव्हती. ती जागा माझ्या जिभेवर उगवली होती. कपाटात होती ती माझी, भालदऱ्यातली. एक वाक्य बोललो असतो तर त्या चार पोरांसमोर सरांची चोरी उघडी पडली असती. पण ते वाक्य बोलायचं म्हणजे भालदरा द्यायचा. आणि मग मराठवाड्यातलं प्रत्येक कॉलेज आपापल्या बरण्या काढून विचारणार, ही तरी म्हैसमाळची आहे का, ही तरी पेझिझा आहे का. पंचवीस माणसांशी एकाच वेळी घासाघीस करू शकणारा मी, त्या दिवशी स्वतःशीच तोडपाणी केलं. तोंड मिटलं.

मिटलं म्हणजे खऱ्या गोष्टीवर मिटलं. बाकी पुष्कळ ओरडलो. निदान आभार तरी मानायचे होते, असं म्हणालो. सर शांतपणे म्हणाले, "अरे, पुरवठादाराचं नाव कुणी छापतं का? शिऱ्यात साखर कुठल्या दुकानाची, ते शिऱ्यावर लिहितात का?" पोरं हसली.

"साखर दुकानदारानं शोधलेली नसते, सर," मी म्हणालो आणि जिना उतरलो. त्या विभागाला पुन्हा माल दिला नाही. ते माझं मोठं गिऱ्हाईक होतं. त्यांनी मुंबईहून मागवायला सुरुवात केली. मुंबईवाल्याच्या चिठ्ठीवर महाबळेश्वर असायचं. म्हणजे तिथंही तेच.

पुढं धंदा बसला. परीक्षेत बरण्यांऐवजी चित्रं आली, मग पडद्यावरच्या तसबिरी. रफीकभाई हर्सूलला मुलाकडं राहायला गेला. मी बरण्या धुऊन विकल्या, लोणच्याला गेल्या. मला वाटलं, संपलं.

गेल्या वर्षी एक संशोधक मुलगी पत्ता काढत घरी आली. पाठीवर पिशवी, बुटांना चिखल. म्हणाली, "काका, देवळे सरांची वाटी मी दोन पावसाळे शोधतेय. देवळामागचा उतार हातानं चाचपला. काहीच नाही. कपाटातला नमुना किड्यांनी खाल्लाय, नुसता भुगा आहे. चिठ्ठीवर गोळा करणाऱ्याचं नाव खोडून सरांचं लिहिलंय, खालचं वाचता येत नाही. आता बुरश्यांची नवी यादी होतेय. जागा पटली नाही तर हे नाव संशयित म्हणून वगळावं लागेल. तुम्ही जुने. तुम्हाला काही आठवतं का?"

"हवामान बदललंय, बाई," मी म्हणालो. "तेव्हा असेल."

ती चहा पिऊन गेली. मी गॅलरीतून तिला रिक्षात बसताना पाहिलं आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. धंदा नाही, दुकान नाही, पोतं घेऊन येणारा कुणी उरला नाही, आणि मी अजून जागा लपवतोय. कुणापासून? ते नाव यादीतून गेलं की मग सरांनी माझ्याकडून घेतलं तेही उरणार नाही. चोरीला गेलेली वस्तू निदान असायला तरी हवी.

हर्सूलला रफीकभाईला विचारायला गेलो. त्याला आता कमी दिसतं. म्हणाला, "मैं तबी बोला था." एवढंच. मला अजून काही ऐकायचं होतं, पण त्यानं विषयच बदलला.

या भाद्रपदात भालदऱ्याला गेलो. मुलगा नको म्हणत होता, त्याला शिव्या दिल्या. सुंदराबाई आता ओट्यावर बसून असते, शेळ्या सून बघते. तिला सगळं सांगितलं. ती ऐकत होती, मधेच म्हणाली, "ते सर आले व्हते का कधी हितं?"

"नाय."

"तरी त्यायचं नाव लागलं?"

"व्हय."

"तुमचं नाय लागलं?"

"खोडलं."

"अन् माझं?"

तिनं काठीनं डोंगराकडं दाखवलं. "वरच्या अंगाला दुसरं खोड पडलंय. तिथं बघा. सून म्हनत व्हती, जांभळं सांडल्यावानी दिसतं."

तीन होत्या. गुडघा टेकवता येईना म्हणून आडवा झोपलो. एकीवर फुंकर मारली. धूर निघाला, सुस्कारा ऐकू आला. दोन वाट्या ओल्या शेवाळात ठेवल्या. तिसरी राहू दिली.

दुसऱ्या दिवशी पडेगावला सरांच्या बंगल्यावर गेलो. ते ऐंशीच्या पुढं आहेत. ओळखलं, चहा मागवला, "काशिनाथ, बस" म्हणाले. मी बसलो नाही. डबा उघडला. त्यांनी चष्मा बदलून पाहिलं, एक वाटी उचलली आणि कुणी न सांगता काठ मोडला. आम्ही दोघं पांढऱ्या पाण्याकडं बघत राहिलो. ते पिवळं झालं. त्यांचा चेहरा क्षणभर एखाद्या विद्यार्थ्यासारखा झाला होता, ते खोटं नव्हतं.

"कुठून आणलीस?" त्यांनी विचारलं.

मी आयुष्यभर घासाघीस केली आहे. समोरच्याला भाव आधी बोलायला लावावं लागतं.

"म्हैसमाळ, सर. देवळामागून."

"हो, तिथंच," ते म्हणाले. "मला चांगली आठवते ती जागा. पायऱ्यांच्या डाव्या हाताला."

मी चहा न पिता निघालो.

एक वाटी वाळवून पाकिटात ठेवली आहे. संशोधक बाईंना पत्र टाकलं आहे, त्यांना मी स्वतः भालदऱ्याला नेईन. आता जागा छापली, कुणीही जावं. चिठ्ठीचं मात्र ठरवून टाकतो. जागा: भालदरा. गोळा करणारी: सुंदराबाई. तिच्या खाली मी, कारण डबा मांडीवर धरून आणला तो मी. ओळख पटवणारे: देवळे. ते नाव त्यांच्या हक्काचं आहे, त्यावर मी हात टाकत नाही. माझी खोटी जागा मी खोडली, सगळ्यांसमोर खोडली. याच्या खाली मी उतरणार नाही.

राहिला सरांचा हिशोब. उत्तर मला चहावर नको, याच दिवाळी अंकात, पुढच्या वर्षीच्या पानावर, त्यांच्या सहीनिशी छापून हवं: सर, पायऱ्यांच्या डाव्या हाताला तुम्हाला काय सापडलं होतं?